चार खुर्च्या की दोन सोफे

पाँटून बोट ही दिसायला नाव कमी आणि पाण्यात सोडलेली गच्ची जास्त. ॲल्युमिनियमची दोन लांब, दोन्ही तोंडांनी बंद केलेली नळकांडी, त्यांवर सपाट तक्ता, भोवती कठडा, डोक्यावर कापडी छत आणि पिछाडीला आउटबोर्ड इंजिन, एवढाच तिचा पसारा. १९५२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने पोलादी पिंपे एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगांवर लाकडी तक्ता ठोकला आणि ही जात जन्माला आली. या गृहस्थांचा मला मनापासून हेवा वाटतो. त्यांनी पहिली बोट बांधली तेव्हा जगात दुसरी नव्हतीच. त्यामुळे दोहोंतली कोणती घ्यावी, हा प्रश्न त्यांना घरात कोणी विचारला नसणार.

आमच्यापुढे दोन होत्या. दोन्ही २० फुटी, दोन्ही दोन नळकांड्यांच्या, दोन्ही ‘सहकुटुंब मासेमारीसाठी’ म्हणून विकायला ठेवलेल्या. पहिलीच्या चार कोपऱ्यांत चार फिरत्या खुर्च्या, गळाच्या काठ्या आडव्या ठेवण्याचा लांब कप्पा, पकडलेले मासे जिवंत राहावेत म्हणून खेळत्या पाण्याची टाकी आणि मध्ये उपकार केल्यासारखे एक छोटेसे बाकडे. दुसरीच्या पुढच्या भागात समोरासमोर दोन ऐसपैस सोफे, चार ध्वनिक्षेपक, आणि मासेमारीच्या नावाने पिछाडीला दोन खुर्च्या व बादलीएवढी टाकी. पहिली बोट मासे धरणाऱ्यांसाठी होती आणि बसायची थोडी सोय केलेली होती. दुसरी बसणाऱ्यांसाठी होती आणि मासे धरायला बंदी नव्हती.

माझा कौल अर्थातच पहिलीला होता. मी तो सविनय मांडला आणि घरात पहिला प्रश्न सासूबाईंनी विचारला, “जावईबापू, दिवसभर पाण्यावर राहायचं, तर त्यात आडोसा कुठे आहे?” दुसऱ्या बोटीत एका आसनाचे झाकण उचलले की आतून चौकोनी पडदा वर येतो आणि कपडे बदलण्यापुरती, आत फिरते शौचपात्र ठेवले तर त्याहूनही महत्त्वाच्या कामापुरती, खोली तयार होते. पहिल्या बोटीत नेमक्या त्याच जागी काठ्यांचा कप्पा होता. सहा लांब काठ्या गुंता न होता ठेवता येतात, ही गोष्ट किती मोलाची आहे हे मी बराच वेळ समजावून सांगत होतो. पण काठ्या विरुद्ध आडोसा असा सामना लागल्यावर काठ्यांच्या बाजूने बोलणारा माणूस किती एकाकी पडतो, हे अनुभवाशिवाय कळत नाही.

तेव्हा मी शास्त्राचा आधार घेतला. खुर्च्यांवरून भांडण्यापेक्षा नळकांड्यांकडे पाहावे, कारण आपण सगळे शेवटी त्यांच्यावर तरंगणार आहोत, असे मी म्हणालो, आणि हे म्हणणे अगदी खरे असूनही मलाच महागात पडले. पहिल्या बोटीची नळकांडी २३ इंच व्यासाची होती आणि दुसरीची २५. “दोन इंचांनी काय होतंय?” असे मेहुणे म्हणाले, आणि मीही मनात तेच म्हणत कागद पुढे ओढला. परंतु नळकांड्याचे आकारमान व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० फूट लांबीचे सरळ नळकांडे धरले, तर २३ इंचाचे पूर्ण बुडाल्यावर सुमारे १६३० लिटर पाणी बाजूला सारते आणि २५ इंचाचे सुमारे १९३० लिटर. आर्किमिडीजच्या हिशेबाने एका नळकांड्यामागे ३०० किलो आणि दोहोंचे मिळून ६०० किलो अधिक उचल. शिवाय नळकांडी पूर्ण बुडवून बोट कोणी चालवत नाही; भरल्या बोटीची नळकांडी साधारण निम्मी पाण्याबाहेर असावीत अशी जाणत्यांची रीत आहे. म्हणजे तुलनेला ६०० ऐवजी ३०० किलोच धरायचे. पण ३०० किलो म्हणजे माझ्या पत्नीच्या माहेरची निम्मी मंडळी होतात, आणि तिने ती लगेच मोजलीही.

आता प्रत्यक्ष भार किती, हे काढणे आले. बोटीवर जी पाटी लावलेली असते, तीत माणसांची संख्या लिहिलेली असते आणि त्याचबरोबर माणसे, सामान व इंजिन यांच्या एकूण वजनाची मर्यादाही असते. लोक पहिला आकडा वाचतात आणि दुसऱ्याकडे डोळेझाक करतात. मी दोन्ही वाचले आणि वही घेऊन घरात वजने विचारत फिरलो. हे काम जनगणनेपेक्षा अवघड असावे. पत्नीने लग्नाच्या वेळचे वजन सांगितले. मेहुण्यांनी “कपड्यांसकट की कपड्यांशिवाय?” असे विचारून दोन्हीपैकी एकही सांगितले नाही. सासूबाईंनी, वजन हा काय विचारायचा प्रश्न आहे का, अशा नजरेने पाहिले आणि तो आकडा मी अंदाजाने लिहिला, इतक्या कमी अंदाजाने की त्या वहीवर विसंबून पाण्यात उतरणे धोक्याचे ठरले असते. फक्त माझ्या वडिलांनी खरे वजन सांगितले आणि वर, “बुडताना खोटं बोलून उपयोग नाही,” अशी पुस्ती जोडली.

तीन नळकांड्यांची बोट का घेत नाही, असा प्रश्न चिरंजीवांनी याच सुमारास टाकला. तिसरे नळकांडे मध्यभागी बसवलेली बोट भार अधिक पेलते आणि वळताना आतल्या बाजूला छान कलते, उलट दोन नळकांड्यांची बोट वळणावर सपाट राहते किंवा किंचित बाहेरच कलते, हे सगळे त्याला तोंडपाठ होते. तिला इंजिनही तसेच दणकट लागते, एवढे सांगून मी तो विषय बंद केला. दोहोंतून निवडताना ज्याची ही दशा झाली आहे, त्याच्यापुढे तिसरा पर्याय ठेवणे हा छळ होय.

मग आवाजाचा मुद्दा निघाला. ध्वनिक्षेपकांनी मासे पळतील, असे मी ठणकावून सांगितले. दुर्दैवाने कन्येने शाळेत हाच भाग शिकलेला होता. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतांशी परत फिरतो आणि फार थोडा आत शिरतो. उलट तक्त्यावर आपटलेले पाऊल मात्र नळकांड्यांतून थेट पाण्यात उतरते, आणि माशांचे अंतर्कर्ण व अंगावरची पार्श्वरेखा अशी थरथर चटकन टिपतात. तात्पर्य, मेहुण्यांच्या गप्पा माशांना फारशा ऐकू जाणार नाहीत, पण मेहुणे उठले की जाईल. हे कळल्यावर मेहुणे सोफ्याच्या बाजूने अधिकच ठाम झाले. सोफ्यावरचा माणूस सहसा उठत नाही आणि खुर्चीवरचा सारखा उठतो, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो खोडून काढणे मला आजवर जमलेले नाही.

छताचेही तेच. गळ मागे घेऊन जोरात फेकायचा, तर डोक्यावर छत नको. वडीलधाऱ्यांना उन्हात बसवायचे नाही, तर छत हवेच. चार कोपऱ्यांतून चौघांनी एकाच वेळी गळ फेकले, तर माशाच्या आधी छताचे कापड, सोफ्याची गादी आणि कोणाचे तरी केस गळाला लागणार, हेही उघड होते. पिछाडीला दोनच खुर्च्या असल्या की निदान हा धोका एका टोकाला राहतो. जमिनीवरचे आच्छादन हा एकच मुद्दा असा निघाला ज्यावर दोन्ही बोटी आणि दोन्ही पक्ष एकमताचे होते: गालिचा नको, धुता येणारे विनाइल हवे, कारण गालिच्यात गळ रुततो आणि माशाचा वास मुरतो.

शेवटी विक्रेत्यांनी दोन्ही बोटी तलावात फिरवून दाखवल्या. कठड्यामुळे पाँटूनला वारा फार धरतो आणि तळ उथळ असल्याने ती पाण्यावरून सहज वाहत जाते, याचा प्रत्यय दोन्हींत सारखाच आला. पहिलीत चौघे चार कोपऱ्यांत बसल्यामुळे भार छान वाटला गेला. पण उरलेली माणसे बाकड्यावर एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी बसली आणि कोणी कोणाशी बोलेना. दुसरीत सगळे कुटुंब पुढच्या सोफ्यांवर जमले आणि कन्येने “मासा!” म्हणताच उरलेलेही पुढे धावले, तेव्हा बोटीचे पुढचे टोक खाली गेले आणि पाण्याचा एक पातळ पापुद्रा तक्त्यावर येऊन सासूबाईंच्या पावलांना लागून गेला. वेग अगदी कमी होता म्हणून तेवढ्यावर निभावले. विक्रेत्यांनी शांतपणे दोन नियम सांगितले: चालत्या बोटीत पुढे गर्दी करायची नाही, आणि पुढच्या दाराबाहेर पाय सोडून तर कोणीच कधी बसायचे नाही, कारण तिथून पडलेल्या माणसावरून आधी बोट जाते आणि मग तिचा पंखा. एरवी माझे एकही वाक्य पूर्ण न ऐकणारी माणसे हे वाक्य शेवटपर्यंत ऐकून मागे सरकली.

या प्रसंगाने सोफ्याचा पक्ष हरेल अशी माझी अपेक्षा होती. झाले उलटेच. पुढचा भार कमी करायला मागे दोघे वजनदार लोक बसवावेत, असा तोडगा वडिलांनी काढला, मागच्या दोन खुर्च्या मेहुण्यांना व सासूबाईंना मिळाल्या, आणि त्या खुर्च्यांजवळ काठ्या अडकवायची खोबण असल्याने काठ्याही ओघानेच त्यांच्या हाती गेल्या. वजनदार कोणाला म्हटले, हा प्रश्न सासूबाईंनी काठीच्या मोहात सोडून दिला. दुसरी बोट एकमताने ठरली. एकमत म्हणजे माझे एक वगळून.

कागदावर सही करण्यापूर्वी मी दोन्ही बोटींचे आराखडे शेवटचे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. चालकाचे आसन दोन्हींत उजव्या कठड्याला, एकाच जागी होते. समोर सुकाणू, हाताशी वेगाचा दांडा, पेला ठेवायला एक खाच, आणि काठी अडकवायची खोबण कुठेच नाही. इंजिन चालवण्याचा परवाना घरात फक्त माझ्याकडे आहे.