पिकअपच्या विद्युतीकरणाची सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली

डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपचे सध्याच्या रूपातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या एकूण योजनांतील फेरबदलांपोटी सुमारे १९.५ अब्ज डॉलरचा बोजा हिशेबात दाखवणार असल्याचे सांगितले. तेव्हापासून वाहनप्रेमींच्या चर्चेत दोनच सूर ऐकू येत आहेत. एका गटाच्या मते कष्टाच्या कामाला बॅटरी कधीच पुरी पडणार नव्हती आणि अमेरिकी ग्राहकाने तिला योग्य जागा दाखवून दिली. दुसऱ्या गटाच्या मते गाडी उत्तम होती. जुन्या सवयींना चिकटलेले ग्राहक, उदासीन विक्रेते आणि बदललेले सरकारी धोरण यांनी तिचा घात केला. मला दोन्ही निष्कर्ष अपुरे वाटतात. माझे ठाम मत असे आहे, की अमेरिकी कंपन्यांनी विद्युतीकरणासाठी पिकअपचा सर्वांत मोठा, सर्वांत जड आणि सर्वांत महाग प्रकार आधी निवडला. बॅटरीला जे काम सर्वांत अवघड जाते, तेच काम तिला पहिल्या दिवशी देण्यात आले.

हे अवघड का जाते, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक वाद येथेच भरकटतात. एक गॅलन पेट्रोलमध्ये सुमारे ३३.७ किलोवॅट-तास ऊर्जा असते. लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ किलोवॅट-तासांची, म्हणजे तिच्यात साठणारी ऊर्जा जेमतेम चार गॅलन, अर्थात सुमारे १५ लिटर पेट्रोलइतकी. पेट्रोलवरच्या एफ-१५० ला मात्र ३६ गॅलनपर्यंतची टाकी घेता येते. एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर लाइटनिंग ३२० मैल, म्हणजे सुमारे ५१५ किलोमीटर जाऊ शकते, हे विजेच्या मोटरच्या कार्यक्षमतेचे मोठे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालवते, तर मोटर मिळालेल्या विजेचा बहुतांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते.

परंतु याच गुणामुळे ट्रेलर जोडल्यावर अडचण उभी राहते. महामार्गाच्या वेगाने जाताना सर्वाधिक ऊर्जा हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते, हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि मागे उंच, चौकोनी ट्रेलर असला की तो कितीतरी अधिक होतो. पेट्रोल इंजिनाचे मायलेजही त्या वेळी कोसळतेच, पण भार वाढला की त्याची कार्यक्षमता थोडी सुधारते आणि टाकीत इंधन मुबलक असल्याने चालकाला फटका तितका जाणवत नाही. मोटर आधीपासूनच कार्यक्षम असल्यामुळे तिच्याजवळ सुधारणेला वाव नसतो आणि वाढलेला सगळा भार थेट रेंजमधून, म्हणजे एका चार्जिंगवर जाता येणाऱ्या अंतरातून, वजा होतो. अनेक स्वतंत्र चाचण्यांत मोठा ट्रेलर ओढताना इलेक्ट्रिक पिकअपची रेंज निम्म्यावर आलेली दिसली, ती याच कारणाने. त्यात बहुतेक चार्जिंग केंद्रांची रचना गाडी तोंडाकडून आत घालण्याच्या हिशेबाने केलेली असते, त्यामुळे ट्रेलर सोडून, बाजूला लावून, चार्जिंगनंतर पुन्हा जोडण्याचा खटाटोप चालकाच्या वाट्याला येतो. जो माणूस दर आठवड्याला घोड्यांचा किंवा बोटीचा ट्रेलर घेऊन लांब जातो, त्याने या गाडीला नकार दिला तर तो मागासलेला ठरत नाही. त्याचे गणित बरोबर आहे.

यावर कंपन्यांनी शोधलेला उपाय म्हणजे आणखी मोठी बॅटरी. शेव्हरोले सिल्व्हराडोच्या इलेक्ट्रिक आवृत्तीत सुमारे २०५ किलोवॅट-तासांची बॅटरी बसवून ४९२ मैलांची अधिकृत रेंज मिळवली गेली, आणि तांत्रिकदृष्ट्या ती कामगिरी लहान नाही. मात्र हाच मार्ग जीएमसीच्या इलेक्ट्रिक हमरला ९,००० पौंडांच्या, म्हणजे चार टनांच्या पलीकडे घेऊन गेला. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी या वजनवाढीबद्दल जाहीर चिंता व्यक्त करताना निदर्शनास आणून दिले होते, की हमरची नुसती बॅटरी सुमारे २,९०० पौंडांची, जवळपास एका होंडा सिव्हिकच्या वजनाची आहे. त्याच वर्षी महामार्ग सुरक्षेसाठीच्या विमा संस्थेच्या अभ्यासात, बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक असलेल्या गाड्यांची पादचाऱ्यांना धडक बसल्यास मृत्यूची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या आणि उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के अधिक असल्याचे आढळले. समोर इंजिन नसताना इतके उंच आणि सपाट तोंड ठेवण्याची तांत्रिक गरज उरत नाही, तरीही ते तसेच ठेवले गेले. ही गोष्ट मला मनापासून खटकते, कारण पिकअपचा आकार नव्याने विचारात घेण्याची इतकी चांगली संधी अनेक दशकांत आलेली नव्हती.

मग कंपन्या मोठ्या आकारालाच का चिकटून राहिल्या? याचे उत्तर ग्राहकांच्या आवडीपेक्षा कायद्यांत अधिक सापडते. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने अमेरिकी कोंबडीवर शुल्क लावले, त्याला प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लागू झाले. कोंबडीचा वाद केव्हाच मिटला, शुल्क मात्र राहिले, आणि परदेशातील छोट्या, काटक पिकअपना अमेरिकेचा दरवाजा जवळपास बंद झाला. पुढे १९७५ च्या ऊर्जा कायद्यातून इंधन-कार्यक्षमतेचे निकष आले, तेव्हा हलक्या ट्रकना प्रवासी मोटारींपेक्षा सौम्य निकष मिळाले. त्यानंतर निकष गाडीच्या चाकांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाशी जोडले गेले आणि आकार वाढवला की लक्ष्य सैल होऊ लागले. २०२२ च्या कायद्यातील इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या ७,५०० डॉलरच्या करसवलतीतसुद्धा सेडानसाठी किमतीची मर्यादा ५५,००० डॉलर होती, तर पिकअप आणि एसयूव्हीसाठी ८०,०००. ही सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपली, पण ती असतानाही तिचा कल कोणत्या बाजूला होता, हे लपून राहत नाही. शुल्काने स्पर्धा थोपवली, निकषांनी आकाराला बक्षीस दिले आणि नफा त्या आकाराभोवतीच गोळा झाला. फोर्डची एफ-सीरिज, म्हणजे एफ-१५० ज्यात मोडते ती पिकअपची मालिका, १९७७ पासून अमेरिकेतील सर्वाधिक खपाची पिकअप आहे, त्यामुळे फोर्डने विजेचा प्रयोग तिच्यावरच करावा, हे संचालक मंडळाच्या बैठकीत अगदी तर्कशुद्ध वाटले असणार.

किमतीच्या बाबतीत मात्र कंपन्यांना मी सवलत देऊ शकत नाही. मे २०२१ मध्ये लाइटनिंगची सुरुवातीची किंमत ३९,९७४ डॉलर सांगण्यात आली. २०२३ च्या वसंतात तीच आवृत्ती ६०,००० डॉलरच्या उंबरठ्यावर होती, मग कपात करून ५०,००० च्या आसपास आणली गेली. टेस्लाने २०१९ मध्ये सायबरट्रक ही आपली इलेक्ट्रिक पिकअप ३९,९०० डॉलरपासून मिळेल आणि वरच्या आवृत्तीची रेंज ५०० मैलांहून अधिक असेल असे सांगितले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गाड्या ग्राहकांच्या हाती पडू लागल्या तेव्हा यादीतील सर्वांत स्वस्त आवृत्ती ६०,९९० डॉलरची होती. सायबरट्रकमधील ४८ व्होल्टची विद्युतप्रणाली आणि यांत्रिक जोडणीविना चालणारे स्टिअरिंग ही खरी अभियांत्रिकी प्रगती आहे, तिचा उपयोग इतर कंपन्यांनाही पुढे होईल, असे मला वाटते. परंतु ज्या कारागिराने चाळीस हजारांच्या आशेवर आगाऊ नोंदणी केली होती, त्याला या प्रगतीने काय दिले? २०२४ मध्ये एफ-सीरिजच्या सात लाखांहून अधिक गाड्या अमेरिकेत खपल्या आणि त्यांत लाइटनिंग सुमारे ३३,५०० होत्या. या आकड्यांचा अर्थ लावताना किंमत बाजूला ठेवून केवळ तंत्रज्ञानाला दोष देणे अन्यायाचे आहे.

लाइटनिंगचे जे खरोखर चांगले होते, ते चर्चेत फारसे येत नाही, याचे मला वाईट वाटते. गाडीवरच्या सॉकेटांमधून एकूण ९.६ किलोवॅटपर्यंत वीज देण्याची तिची क्षमता बांधकामाच्या ठिकाणी वेगळ्या जनरेटरची गरज संपवते आणि वीज गेली तर घर चालवते. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासची वीजव्यवस्था कोलमडली, तेव्हा हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि छोटी बॅटरी दोन्ही असलेल्या, एफ-१५० मधील अशाच सोयीवर लोकांनी घरे चालवली होती. जी पिकअप सकाळी आगारातून निघते, दिवसभर ठरावीक परिसरात फिरते आणि रात्री पुन्हा आगारात येते, तिच्यासाठी वीज हा आजही उत्तम पर्याय आहे. ही कल्पना नवी नाही. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या शून्य-उत्सर्जन नियमामुळे शेव्हरोलेने एस-१० ची आणि फोर्डने रेंजरची इलेक्ट्रिक आवृत्ती काढली होती. दोन्ही छोट्या पिकअप होत्या आणि त्या प्रामुख्याने वीजकंपन्यांसारख्या संस्थांच्या ताफ्यांत गेल्या. त्या काळच्या बॅटऱ्या दुबळ्या होत्या, पण कामाची निवड अचूक होती. पंचवीस वर्षांनी बॅटरी सशक्त झाली आणि नेमका तोच विवेक हरवला.

लांब पल्ल्याच्या ओढकामासाठी मला सध्या दोन मार्ग प्रामाणिक वाटतात. पहिला हायब्रिडचा. टोयोटाचा युक्तिवाद असा, की एका लांब रेंजच्या इलेक्ट्रिक गाडीला लागणाऱ्या खनिजांत सहा प्लग-इन हायब्रिड (बाहेरून चार्ज करता येणाऱ्या) किंवा नव्वद साध्या हायब्रिड बनू शकतात. त्यात कंपनीचा स्वार्थ आहे हे उघड आहे, शिवाय तेल जाळणे थांबवायचे असेल तर हायब्रिडवर कायमचे थांबता येणार नाही. तरीही २०० किलोवॅट-तासांच्या बॅटरीपुढे हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण आहे. दुसरा मार्ग रेंज वाढवणाऱ्या जनरेटरचा, जो रॅम या अमेरिकी पिकअप-कंपनीने स्वीकारला आहे. त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये आपली १५०० ही पिकअप पूर्णतः इलेक्ट्रिक रूपात आणण्याची योजना रद्द केली आणि ९२ किलोवॅट-तासांची बॅटरी व ३.६ लिटरचे व्ही-६ इंजिन असलेली गाडी पुढे ठेवली, ज्यात इंजिन चाकांना जोडलेलेच नसते, ते फक्त वीज तयार करते. पुढची लाइटनिंगही याच धाटणीची असेल, असे फोर्डने सांगितले आहे. शुद्ध इलेक्ट्रिकच्या समर्थकांना ही शरणागती वाटते. मला तसे वाटत नाही. रोजचे छोटे अंतर विजेवर आणि वर्षातले मोजके लांबचे ओढकाम इंधनावर, ही विभागणी पिकअपच्या खऱ्या वापराशी जुळते.

तरीही माझे लक्ष खऱ्या अर्थाने लागले आहे ते छोट्या पिकअपकडे. फोर्डने २०२१ मध्ये मॅव्हरिक ही पिकअप १९,९९५ डॉलरला, हायब्रिड इंजिनच मूलभूत ठेवून आणली, तेव्हा मागणी इतकी आली की काही महिन्यांतच हायब्रिडच्या नोंदण्या थांबवाव्या लागल्या. शहरात गॅलनला ४२ मैल, १,५०० पौंडांची भारक्षमता आणि बॅटरी अवघी १.१ किलोवॅट-तासांची. नंतर तिची किंमत बरीच वाढली, पण अमेरिकी माणसाला लहान पिकअप नकोच असते, हा अनेक दशके घोकलेला समज तिने मोडून काढला. एप्रिल २०२५ मध्ये समोर आलेल्या स्लेट कंपनीच्या दोन आसनी इलेक्ट्रिक पिकअपने तर रंग, डॅशबोर्डवरचा स्क्रीन आणि विजेवर चालणाऱ्या काचाही वगळून किंमत खाली ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द फोर्डने केंटकीतील लुईव्हिल कारखान्यात २०२७ पासून सुमारे ३०,००० डॉलरची मध्यम आकाराची, चार दारांची इलेक्ट्रिक पिकअप बनवण्याची योजना जाहीर केली, जिच्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत निकेल आणि कोबाल्ट नसेल.

ही गाडी येईल तेव्हा वाहनप्रेमींनी तिची रेंज आणि शून्यापासून ताशी साठ मैलांपर्यंतचा वेग एवढ्यावरच निकाल देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जाहीर केलेली किंमत प्रत्यक्ष विक्रीत टिकते का, हौद्यात पूर्ण भार भरल्यावर रेंज किती उरते, अपघातानंतर बॅटरीसकट दुरुस्तीचा खर्च विमा कंपन्यांना परवडतो का, आणि सर्वांत स्वस्त आवृत्ती विक्रेत्याकडे खरोखर उपलब्ध असते की केवळ जाहिरातीत, हे प्रश्न आपण पहिल्या महिन्यापासून विचारले पाहिजेत. लाइटनिंगच्या वेळी ते पुरेसे जोरात विचारले गेले नाहीत.