‘नोटीस कसली, उचला आणि फेका’ हे कायद्यात बसत नाही

बेळगावच्या गणपत गल्ली, खडेबाजारात अतिक्रमण हटाव मोहिमेचा विषय निघाला की एक मजकूर मोबाईलवर फिरायला लागतो: ‘रस्त्यावर बसणारे बेकायदेशीर आहेत. कर भरत नाहीत. त्यांना उठवायला नोटीस लागत नाही. आणि तो फेरीवाला कायदा महाराष्ट्रातला, इथं चालत नाही.’

शेवटचं आधी घेऊ, कारण सीमाभागात ते लगेच खरं वाटतं. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा संसदेनं केलाय. चंदगडला जो लागू, तोच निपाणीला, खानापूरला आणि बेळगावला. महापालिकेबरोबर छावणी परिषदही (कॅन्टोन्मेंट बोर्ड) त्यात येते, म्हणजे बेळगावचा कॅम्प भागही सुटत नाही. रेल्वेच्या मालकीची जागा तेवढी वगळलीय.

‘बेकायदेशीर’चं म्हणाल, तर सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच सांगितलं की पदपथावरचा धंदा हा व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, आणि अमुक कोपरा कायमचा माझाच, असं कुणी म्हणू शकत नाही, हेही खरं. 2014 च्या कायद्यानं पुढची पायरी गाठली: दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करायचं, विक्री प्रमाणपत्रं द्यायची, आणि हे पुरं होईपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. सर्वेक्षण अर्धवट ठेवून ‘प्रमाणपत्र दाखव’ म्हणणं म्हणजे स्वतःचं काम समोरच्याच्या गळ्यात मारणं.

कराची गोष्ट दोन ओळींची. बसल्या जागेचं भू-भाडं भाजीवालीकडून वसूल होतं. आणि ताज्या सुट्या भाजीवर जीएसटी मॉलमध्येसुद्धा नाही.

नोटिशीचा मुद्दा मात्र सगळ्यात महत्त्वाचा. प्रमाणपत्रातल्या जागेवरून हलवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस लागते. मुदतीनंतरही जागा सोडली नाही तर दिवसाला 250 रुपयांपर्यंत दंड करता येतो, माल जप्तही करता येतो. पण जप्तीची यादी जागेवरच द्यावी लागते. नाशवंत माल मागितल्यावर त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. हा फरक कशाला, ते भाजीच्या बुट्टीपाशी (टोपलीपाशी) बसल्यावर कळतं. कडोली-उचगावकडून सकाळच्या बसनं आलेल्या मावशीची मेथी दुपारी मान टाकते. भांडवल उसनं असतं, संध्याकाळी ते फेडून उरेल ते घरी न्यायचं. तिची बुट्टी परवा परत मिळाली तर त्यात काय उरणार? आणि तागडी अडकली की दुसऱ्या दिवसाचा धंदाही बुडतो.

सणासुदीला गल्लीत रुग्णवाहिका अडकते, ही तक्रार खोटी नाही. (दुकानाच्या पायरीबाहेर मांडलेला माल आणि आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाकी त्या मजकुरात का नसतात, हे मात्र विचारायला हवं.) कुठं बसायचं, कुठं नाही, हे ठरवताना शहर विक्री समितीचं (टाऊन व्हेंडिंग कमिटीचं) मत घ्यायचं असतं. तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले हवेत, आणि त्यांच्यात एक तृतीयांश बायका.

राहता राहिली इथली खास अडचण: नोटीस कन्नडमध्ये येते आणि न वाचता पिशवीत जाते. ती वाचून घ्या आणि मुदतीच्या आत हरकत द्या. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे तक्रारीचा अर्ज मराठीतूनही देता येतो. फक्त शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.