ग्राउंडहॉगची सावली केल्टांची नव्हे

फेब्रुवारी उजाडला की एक मजकूर फिरायला लागतो: 'अमेरिकेतला ग्राउंडहॉग डे म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचा केल्टिक इम्बोल्क. चर्चने तो चोरून कँडलमस केला, तारीख तीच ठेवली. बिळातून डोकावणारं जनावरसुद्धा केल्टांचंच.' ग्राउंडहॉग डे 2 फेब्रुवारीचा: त्या दिवशी ग्राउंडहॉग हे जनावर बिळातून बाहेर येऊन हिवाळा किती उरला ते सांगतं, अशी समजूत. केल्ट म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडचे प्राचीन लोक, इम्बोल्क त्यांचा सण, आणि कँडलमस हा 2 फेब्रुवारीचाच ख्रिस्ती सण. मजकूर वाचायला झकास, पण यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

आधी तारीख, कारण चोरीचा आरोप तिच्यावरच उभा आहे. ज्यू रिवाजात मुलगा झाल्यावर चाळीस दिवसांनी आईचं शुद्धीकरण होई, आपल्याकडच्या सव्वा महिन्यासारखंच. कँडलमस हा येशूची आई मेरी हिच्या याच शुद्धीकरणाचा सण. येशूचा जन्मदिवस 25 डिसेंबर धरून मोजा, चाळिसावा दिवस 2 फेब्रुवारी येतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू जेरुसलेमला गेली होती. तिथे हा सण 6 जानेवारीच्या एपिफनी या ख्रिस्ती सणानंतर चाळिसाव्या दिवशी होतो, असं तिने लिहून ठेवलंय. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यावर! तिथे तेव्हा ख्रिस्तजन्म 6 जानेवारीलाच साजरा होई. जन्माचा सण 25 डिसेंबरला गेला, तसा हाही अलीकडे सरकला. इम्बोल्कची तारीख बळकावायची असती, तर आधी कँडलमस भलत्याच दिवशी कशाला असता?

इम्बोल्क खोटा नाही. 1 फेब्रुवारीचा हा सण जुन्या आयरिश ग्रंथांत आहे, पण तिथे विषय मेंढ्यांच्या दुधाचा. हवामानाचं भाकीत नाही, सावली तर नाहीच.

मग पुरावा म्हणून स्कॉटलंडच्या गेलिक म्हणीतला साप पुढे केला जातो. ती म्हण छापली गेली 1900 साली, आणि ती सांगते काय? ब्रीदच्या, म्हणजे संत ब्रिजिटच्या, दिवशी (1 फेब्रुवारीलाच) जमिनीवर तीन फूट बर्फ असलं तरी साप बिळातून येणारच. इथे साप हवा बघतच नाही. ग्राउंडहॉगचा तर सगळा खेळच हवेवर: ऊन असलं, सावली दिसली, की अजून सहा आठवडे हिवाळा. हा नियम कँडलमसच्या लोकोक्तींतला आहे. 'मेरीच्या शुद्धीकरणाला ऊन पडलं तर सणानंतरचं बर्फ आधीपेक्षा जास्त' अशी जुनी लॅटिन उक्तीच आहे. जर्मन शेतकऱ्यांनी त्यात बॅजर हे बिळात राहणारं जनावर आणलं. त्यांच्यातले जे अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात येऊन वसले, त्यांनी बॅजरच्या जागी तिथला ग्राउंडहॉग धरला. खारीच्या कुळातलं हे जनावर युरोपात नाहीच, त्यामुळे केल्टांनी ते पाहण्याचा प्रश्न येत नाही.

लेखी पुरावाही तिथलाच. पेन्सिल्व्हेनियातल्या पंक्सुटॉनी गावाचा ग्राउंडहॉग डेचा प्रसिद्ध सोहळा 1887 चा, पण त्याच्या कितीतरी आधी, 1840 च्या सुमारास, पेन्सिल्व्हेनियातल्याच मॉर्गनटाउनच्या जेम्स मॉरिस या दुकानदाराने रोजनिशीत ही समजूत नोंदवली आणि ती 'जर्मनांची' असल्याचं स्वच्छ लिहिलं.

त्या जर्मन शेतकऱ्यांचं नावच व्हायरल मजकुरात नसतं, याचा मला खरोखर राग येतो. पहिल्या महायुद्धाने त्यांची भाषा अमेरिकेत संशयास्पद ठरवली. तरी 1934 मध्ये ॲलनटाउनला त्यांनी ग्राउंडहॉगच्या नावाने सभा भरवली. अशा सभांत बोलायचं ते आपल्या बोलीतच, इंग्रजी शब्द तोंडातून गेला की दंड. त्या आजही भरतात.