सिलिकाचे नॅनोकण आणि ‘थेट गाठीवर’ जाणारं औषध

कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय: सिलिकाच्या (वाळूत असतं त्याच द्रव्याच्या) सच्छिद्र, अतिसूक्ष्म नॅनोकणांत औषध भरून टोचलं की ते थेट गाठीवर जातं, निरोगी पेशींना धक्काही लागत नाही. सिलिका आपण अन्नातून खातोच, म्हणून दुष्परिणाम शून्य. माणसांवर हे सिद्धही झालंय, मग केमो कशाला घ्यायची? मी याच कणांवर काम करते आणि त्यांच्याकडून मला मोठ्या आशा आहेत. म्हणूनच हे वाचून गप्प बसवलं नाही.

‘थेट गाठीवर’ हे शब्द सगळ्यात जास्त फसवे आहेत. हे कण चांगले आहेत यात वाद नाही. १९९२मध्ये एमसीएम-४१ हा सच्छिद्र सिलिकाचा पदार्थ जगापुढे आला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकसारखी छिद्रं, आणि एका ग्रॅममध्ये सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग. २००१मध्ये त्यात आयबुप्रोफेन हे वेदनाशामक भरून दाखवलं गेलं. पृष्ठभागावर फॉलिक आम्लासारखा रेणू जोडता येतो, आणि ज्या कर्करोगी पेशींवर त्याचे ग्राही (त्याला धरून ठेवणारी प्रथिनं) जास्त असतात त्या कणाला पकडतात. प्रयोगशाळेतल्या बशीत हे छान जमतं. पण बशीत कणाला दुसरीकडे जायला वाटच नसते. रक्तात शिरल्या शिरल्या त्याच्यावर प्रथिनांचा थर बसतो आणि आपण जोडलेला रेणू त्याखाली झाकला जातो. २०१३च्या एका अभ्यासात सिलिकाच्या कणांवर नेम धरण्यासाठी ट्रान्सफेरिन हे प्रथिन जोडलं होतं. रक्तद्रवातली प्रथिनं मिसळताच त्यांची नेम धरण्याची ताकद गेली. उरलेलं काम यकृत आणि प्लीहा करतात. तिथल्या भक्षक पेशी कण गिळून टाकतात. २०१६मध्ये मागच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, त्यात सगळ्याच प्रकारचे नॅनोकण होते. गाठीपर्यंत पोचलेल्या मात्रेचा मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) निघाला ०.७ टक्के. म्हणजे शंभरातला एकही धड नाही.

‘अन्नातून खातोच’ हे खरं आहे. अस्फटिकी (स्फटिकरचना नसलेली) सिलिका खाद्यपदार्थांत चालते, आणि सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो तो स्फटिकी सिलिकाच्या धुळीने, त्यामुळे त्याची भीती इथे लागू नाही. पण पोटात जाणं वेगळं आणि शिरेत टोचणं वेगळं. आमच्याकडची अगदी साधी चाचणी सांगते. धुतलेल्या तांबड्या पेशी सलाइनमध्ये घ्यायच्या, त्यात कण टाकायचे, थोडा वेळ ठेवून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. पेशी शाबूत असतील तर तळाशी लाल गोळा आणि वर नितळ पाणी दिसतं. उघड्या सिलिकाची मात्रा वाढवत नेली की वरचं पाणी गुलाबी होतं, मग लाल. पेशी फुटल्या. पीईजी या पॉलिमरचा लेप दिला की हे बरंच कमी होतं. छिद्रं घडवायला वापरलेलं सीटीएबी हे साबणासारखं रसायन नीट काढलं नसेल, तर तेही पेशींना मारतं. एकाच सिलिकाचे दोन नमुने लेपामुळे आणि धुण्यामुळे इतके वेगळे वागतात, मग ‘शून्य’ कशाच्या जोरावर म्हणायचं?

‘माणसांवर सिद्ध’ म्हणतात तेव्हा बहुधा कॉर्नेल विद्यापीठातल्या सी-डॉट्स या सिलिकाच्या चमकणाऱ्या कणांचा दाखला दिला जातो. २०१४मध्ये त्यांचे मानवी निकाल आले. रुग्ण पाच, कण जेमतेम ६-७ नॅनोमीटरचे, छिद्रं नाहीत, आत औषध नाही. उद्देश होता गाठ चित्रात दिसावी आणि कण शरीरात कसे फिरतात ते कळावं. ते काम मोलाचंच आहे. प्रोस्टेटवर २०१९मध्ये जे निकाल आले, त्यात सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचं कवच होतं आणि लेझरच्या उष्णतेने गाठ जाळली होती. तिथेही औषध भरलेलं नव्हतं.

आता केमोबद्दल. सच्छिद्र सिलिकात औषध भरून केलेलं, कर्करोगासाठी मंजूर झालेलं एकही इंजेक्शन आज नाही. ज्याच्या भरवशावर केमो सोडायला सांगतायत, ते औषध दुकानात नाही आणि रुग्णालयातही नाही. घरात कुणाची केमो चालू असेल आणि हा मजकूर तुमच्याकडे आला असेल, तर पुढची तारीख चुकवू नका. शंका असेल तर त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.