गॅरेजचं ऑफिस: अगदी स्वस्तात, आणि दर पावसाळ्यात नव्याने

अभिनंदन. गाडी रस्त्यावर कडुनिंबाखाली कावळ्यांच्या स्वाधीन करून गॅरेजात ऑफिस थाटायचं तुम्ही ठरवलंत, तेही बजेटमध्ये. वडोदऱ्यात अकोट्यापासून मांजलपूरपर्यंत बंगल्यांची कितीतरी गॅरेजं शटर पाडून पडली आहेत, अर्धी बंद कुलरने भरलेली आणि अर्धी उत्तरायणच्या पतंगांच्या फिरक्यांनी. तुमचं १० बाय १८ फुटांचं धरून चालू. आता बजेटचा एकच नियम लक्षात ठेवा: व्हिडिओ कॉलमध्ये जे दिसत नाही, त्यावर दमडी घालायची नाही.

म्हणून सुरुवात रंगापासून करा. खुर्चीमागची भिंत गडद निळी, वर सोनेरी पट्टी. रंग वाळला की वायरमनला बोलवा. तो वायरसाठी भिंतीत झिरी, म्हणजे खाच, मारायचं मशीन घेऊन येईल आणि निळ्या भिंतीतून दोन इंच रुंदीची झिरी छतापर्यंत नेईल. मग प्लास्टर, मग पुट्टी, मग पुन्हा रंग, आणि पुन्हा मारलेला रंग पहिल्याशी कधीच जुळत नाही, म्हणून अख्खी भिंत पुन्हा. आधी ओल, मग झिऱ्या, मग फरशी, मग छत आणि सगळ्यात शेवटी रंग, हा क्रम ज्यांना एकदाच खर्च करायचा असतो त्यांच्यासाठी.

ओलीचं म्हणाल तर, गॅरेजची बाहेरची भिंत बहुधा साडेचार इंची असते, कारण बांधताना 'गाडीलाच तर ठेवायचंय' असं ठरलं होतं. तिच्या पलीकडे घरच्यांनी हौसेने क्यारी केलेली, माती जोत्याच्या वरपर्यंत भिंतीला टेकलेली, रोज संध्याकाळी पाइपने पाणी. आतल्या पोपड्यांचं मूळ ते आहे. पण क्यारी हलवायची म्हणजे आईचा मोगरा हलवायचा, आणि तेवढी हिंमत कुठल्याच बजेटात बसत नाही. त्यापेक्षा भिंतीवर पीव्हीसी पॅनेल ठोका. ओल मागे राहते, पुढे राहतो लाकडाचा भास. पॅनेलखालच्या लाकडी पट्ट्या साध्या घ्या, म्हणजे दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत उधई त्यांत संसार थाटेल. जिप्समचा बोर्ड लावणार असाल तर फरशीला अगदी चिकटवून लावा. खाली अर्धा इंच फट सोडली तर तो ओल शोषणार नाही आणि फुगणारही नाही, मग बदलायचं कारण काय उरलं?

काही संशयी लोक दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवतात. थेंब प्लास्टिकच्या मागे दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीच्या बाजूला दिसले तर हवेतला दमटपणा. पहिल्या प्रकारात बाहेरून भेगा भरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावे लागतात, दुसऱ्यात नुसता एक्झॉस्ट पंखा पुरतो. दहा रुपयांत एवढी माहिती मिळाली की माणूस उगाच चिंतेत पडतो. करू नका.

आता फरशी. इथे खरी मजा आहे. गाडी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून गॅरेजच्या जमिनीला शटरकडे उतार दिलेला असतो. तो ऐंशीला एक धरला तर १८ फुटांत जवळजवळ पावणेतीन इंच होतो. चाकांच्या खुर्चीला हे बरोबर कळतं. मीटिंग सुरू होताना तुम्ही आतल्या भिंतीशी असता, 'एनी क्वेश्चन्स' येईपर्यंत शटरशी. मिस्त्रीला विचारलंत तर तो म्हणेल, 'लेव्हल केमिकलमां लई लईशुं, साहेब, चाली जशे.' म्हणजे उतार टाइल चिकटवायच्या केमिकलमध्येच भरून काढू, चालून जाईल. हे केमिकल, म्हणजे अॅडहेसिव्ह, तीन-चार मिलिमीटर जाडीला वीस किलोच्या एका गोणीत साधारण ४५ चौरस फुटांना पुरतं, म्हणजे तुमच्या १८० फुटांना चार-पाच गोण्या. उतार त्यानेच भरायचा तर सरासरी जाडी होते ३४ मिलिमीटर. चाळीस गोण्यांची तयारी ठेवा. एवढा जाड थर वाळताना आकसतो आणि टाइल खालून सुटते, टिचकी मारली की मडक्यासारखी पोकळ वाजते. इंजिन ऑइलचे काळे डाग धुवायचे नाहीत, छिन्नीने टाचे मारून जमीन खडबडीतही करायची नाही. तेलावर काहीच धरत नाही, हे टाइललाच आपसूक कळू द्या.

टाइल मोरबीच्या स्वस्त लॉटमधली घ्या. दोन बाय दोनच्या चार टाइल्स एका पेटीत, म्हणजे १६ फूट. तुम्ही हिशोबी, बाराच पेट्या घ्याल: १९२ फूट, वर १२ शिल्लक. कापाकापीत दहा टक्के, म्हणजे १८ फूट जातात. तेराव्या पेटीला दुकानात जाल तेव्हा लॉट संपलेला असेल आणि नव्या लॉटची 'आयव्हरी' जुन्या 'आयव्हरी'शी बोलणार नाही. लॉटच्या मालात टाइलागणिक आकार मिलिमीटरभर इकडेतिकडे असतो, म्हणून मध्ये तीन मिलिमीटरचे स्पेसर लागतात. ते मागू नका, सांधा दिसतो.

हे सगळं टाळायचा एक कंटाळवाणा रस्ता आहे. शटरच्या फूटभर आत साध्या विटांची किंवा अॅल्युमिनियम सेक्शनची भिंत घ्यायची, तिला दार-खिडकी ठेवायची, आणि तिच्या आतच सिमेंट-वाळूच्या एकास चार मालाचा थर द्यायचा, आतल्या टोकाला दीड इंच, या टोकाला सव्वाचार. बाहेरचा फूटभर पट्टा जुन्याच उतारावर राहतो. शटर पूर्वीसारखंच जुन्या जमिनीवर टेकतं, कुलपाची भोकं जुळतात, फटीतून आलेलं पाणी आल्या वाटेने परत जातं. थर थेट शटरखाली नेलात तर शटरची खालची पट्टी सव्वाचार इंच वरच अडते आणि कुलूप हवेत लोंबतं. ते बघून शेजारचे काका विचारतील, 'काय रे, शटर बिघडलं?' संभाषणाला विषय मिळतो.

छताकडे वळू. मे महिन्यात पारा ४२ ओलांडतो तेव्हा उघड्या गच्चीखालचा स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला राहतो. गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा जुना गुजराती इलाज, किंवा निदान ऊन परतवणाऱ्या रंगाचे दोन हात दिले की खालच्या खोलीला श्वास घेता येतो. पण गच्ची कॉलमध्ये दिसत नाही. तेव्हा त्या पैशांत पीओपीचं छत करा. गॅरेजची उंची आठ फूट. फरशीने चार इंच खाल्ले, छताने सहा. उरले सात फूट दोन इंच. पंखा दांडीसकट सव्वा फूट खाली येतो, म्हणजे पाती सहा फुटांच्याही खाली. उभं राहून आळस द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळा.

मग एसी लागणारच. गॅरेजात दिव्यासाठी ओढलेली एक चौरस मिलिमीटरची जुनी वायर आहे ना, तिलाच जोडा. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, त्यात लॅपटॉप, प्रिंटर, इस्त्रीवाल्या बाईंचा दुपारचा प्लग. एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडायला लागला की वायरमन म्हणेल, '३२ अँपिअरचा टाकू का?' हो म्हणा. आता एमसीबी कधीच पडणार नाही, त्याची जबाबदारी भिंतीतल्या टेप गुंडाळलेल्या सांध्याने घेतली आहे. मेन बोर्डापासून एसीला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, २० अँपिअरचा एमसीबी, प्लगांसाठी अडीचची वेगळी, आणि वीज गळली की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, एवढं सांगणाऱ्या वायरमनला महागडा समजून परत पाठवा. अर्थिंगचं तिसरं भोक शोभेचं असू द्या. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, दुपारी झोप लागत नाही.

दिव्याबद्दल फारसं बोलायला नको. एकच पट्टी, तुमच्या पाठीमागे, म्हणजे वहीवर सावली तुमचीच. चार पट्ट्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना वाटून लावणारे लोक वेगळे.

मंजूर नकाशात ही जागा पार्किंग आहे, हा तपशील कुणी काढलाच तर 'इम्पॅक्ट फी भरू' म्हणायचं, म्हणजे बेकायदा बांधकाम नियमित करून घ्यायचं शुल्क. वडोदऱ्यात हे वाक्य पाहुण्यांना सेव उसळ पुढे करावी तितक्या सहज निघतं.

राहता राहिली शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी. घराचं जोतं दोन-अडीच फूट, गॅरेजचं सहा इंच, कारण गाडी चढायला हवी. म्हणजे २०१९ आणि २०२४ सारखं पाणी आलं की घरातली पहिली बुडणारी खोली तुमचं ऑफिस. त्याही आधी, धुण्याचं पाणी जायला ठेवलेल्या जमिनीतल्या जाळीतून गटार उलटं येतं. तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात किंवा लाइन कायमची बंद करतात. तुम्ही तिच्यावर गालिचा घाला. प्लग फरशीपासून फूटभरावर, यूपीएस टेबलाखाली जमिनीवर, एक्स्टेंशन बोर्ड त्याच्या शेजारी. साडेतीन फुटांवर प्लग फारच दवाखान्यासारखे दिसतात. पुराच्या दिवसांत सोसायटीत मगर शिरल्याचा फोन आला तर थट्टा समजू नका, शटर खाली घ्या. अर्थात ते सव्वाचार इंच वरच अडेल.

मीटिंग मात्र चालू ठेवा. मागची भिंत निळी आहे, सोनेरी पट्टी सरळ आहे, आणि कॅमेरा छातीच्या वरचंच दाखवतो.