जाळीचे कॅबिनेट आणि इंदूरची धूळ : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. संगणकाच्या कॅबिनेटच्या (सगळे भाग बसवायच्या पेटीच्या) निवडीवरील माझा लेख आपण बारकाईने वाचून आक्षेप नोंदवलात, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे असे की, इंदूरसारख्या धुळीच्या गावात जाळीदार कॅबिनेट सुचवणे म्हणजे धुळीला आवतण देणे आहे, समोर काच असलेले कॅबिनेट आतून स्वच्छ राहते, आणि मापांची जंत्री देऊन मी नव्या वाचकाला उगाच घाबरवले.

धुळीचा मुद्दा मोलाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. समोरची बाजू बंद केल्याने हवा आत येणे थांबत नाही. पंखे जेवढी हवा बाहेर फेकतात तेवढी कुठून तरी आत यावीच लागते; समोरून वाट मिळाली नाही, तर ती मागच्या स्लॉटच्या, म्हणजे कार्डे बसवायच्या खाचांच्या, पट्ट्यांमधून आणि पत्र्याच्या सांध्यांमधून येते, आणि तिथे धूळ अडवणारी गाळणी नसते. माझी बहीण राजवाड्याजवळ राहते. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते तेव्हा खिडक्या लावूनही गुलाल घरात येतोच. गेल्या वर्षी गेरीनंतर तिच्या घरातले दोन्ही संगणक मी उघडले. भाच्याच्या काचेच्या कॅबिनेटमध्ये मागच्या स्लॉटपासून ग्राफिक्स कार्डाच्या पाठीपर्यंत गुलाबी पट्टा उमटला होता. मेहुण्यांच्या जाळीदार कॅबिनेटची गाळणी मात्र गुलाबी झाली होती आणि आतला मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड) जवळजवळ कोरा होता.

सगळा दोष काचेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. भाच्याचे तिन्ही पंखे हवा बाहेर फेकणारे होते. मेहुण्यांकडे 120 मिमीचे दोन पंखे समोरून हवा आत घेतात आणि मागचा एकच बाहेर टाकतो, त्यामुळे आतला दाब किंचित जास्त राहून फटींतून हवा बाहेरच जाते. पण काचेमागे दोन पंखे बसवले, तरी कडेच्या अरुंद फटीतून त्यांना पुरेशी हवा मिळत नाही, आणि मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असताना ही कमतरता लगेच जाणवते.

एका बाबतीत आपण पूर्णपणे बरोबर आहात. गाळणी साफ करावी लागते, हे मी लिहायलाच हवे होते. धुळीने भरलेली गाळणी आणि बंद काच यांत फरक उरत नाही. उन्हाळ्यात मी ती दर पंधरा दिवसांनी काढून धुतो आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावतो.

मापांविषयी मात्र मी माघार घेणार नाही. मदरबोर्डच्या ठरावीक आकारांपैकी एटीएक्स 305 × 244 मिमी, मायक्रो एटीएक्स 244 × 244 मिमी, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. फसगत होते ती प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या उंचीत आणि ग्राफिक्स कार्डाच्या लांबीत. 160 मिमी उंचीचा कूलर बसवल्यावर बाजूची काच लागेना, म्हणून ती दोन स्क्रूंवर तिरकी अडकवून दिलेली मी इथल्याच एका दुकानात पाहिली आहे. कॅबिनेटच्या माहितीत कार्डासाठी छापलेली लांबी समोर काहीही न बसवता मोजलेली असेल, तर समोर बसवलेला, पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा 27 मिमी जाडीचा रेडिएटर आणि 25 मिमीचा पंखा मिळून त्यातले 52 मिमी खाऊन टाकतात.

गाळणीच्या सफाईचा परिच्छेद मी मूळ लेखात आजच जोडला आहे. आपण एवढे करा : संगणक चालू असताना मागच्या स्लॉटजवळ पेटती उदबत्ती थोड्या अंतरावर धरा, आणि धूर आत ओढला जातो की बाहेर ढकलला जातो, ते मला जरूर कळवा.