कॉम्प्रेशन गेजला एक स्टार देणाऱ्या भाऊंना दुकानाकडून उत्तर

राम राम भाऊ. ऐन कोळपणीत तुमचा पॉवर वीडर बंद पडून राहिला, त्रास झाला, त्याबद्दल सॉरी. दुकानातला पोरगा चढ्या आवाजात बोलला असेल तर त्याचंही सॉरी, त्याला समज दिलेली आहे. पण तुम्ही जे लिहिलंय की 850 रुपयांचा गेज (इंजिनात पिस्टन हवा किती दाबतो ते मोजायचं मीटर) डुप्लिकेट निघाला, इंजिनाला 50 पीएसआयच (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) दाखवत होता, त्याच्यापायी हेड खोललं तर पिस्टनच्या रिंगा चांगल्याच होत्या, शेवटी कार्बोरेटर साफ केल्यावर मशीन चालू झालं, आणि गेज परत द्यायला आलो तर घेतला नाही, लुटारू दुकान आहे... यातलं काही खरं आहे आणि काही तुम्ही लिहिलंच नाही. चोपड्यात दुकान चालवायचं म्हणजे सगळं तोंडओळखीवर असतं, आता गिऱ्हाईक आत येऊन आधी मोबाईलवर तुमचा रिव्ह्यू दाखवतं की शेठ हे काय आहे.

पहिले किमतीचं बोलू. मी तुमच्यासमोर काउंटरवर तीन प्रकार काढून ठेवले होते. एक रबरी टोकाचा, स्पार्क प्लगच्या भोकावर हाताने दाबून धरायचा, स्वस्तात स्वस्त, पण एकाने दाबायचा आणि दुसऱ्याने दोरी ओढायची, जरा हात हलला की हवा सुटते. दुसरा लांब पाइपाचा, आट्यांचा, त्याचा वॉल्व, म्हणजे आलेली हवा अडवून धरणारा, गेजच्या बाजूला असतो. आणि तिसरा, ज्याचा वॉल्व पाइपाच्या पुढच्या टोकाला, म्हणजे प्लगच्या भोकाजवळ असतो, सोबत 10, 12 आणि 14 एमएमच्या प्लगच्या भोकाचे अडॅप्टर. मीच म्हटलं होतं की भाऊ छोट्या इंजिनाला हा तिसराच घ्या, कारण ब्रश कटरसारख्या 35 सीसीच्या इंजिनात हेडमधली जागाच एवढीशी असते, त्यात अख्ख्या पाइपातली हवा मिळवली की काटा खालीच राहणार, गेज कितीही भारी असो. तुम्ही तिसराच घेतला, चांगलं केलं, घासाघीस करून 850 ला घेतला, पक्कं बिल दिलंय. ऑनलाइन 600 ला मिळतो म्हणता, मिळत असेल, पण तिथे हे एवढं कोण सांगत बसतं? नाही तर घ्यायचा होता तिथून.

आता ते 50. तुमचा वीडर फोर स्ट्रोक, दोरीने ओढून चालू होणारा. असल्या बऱ्याचशा इंजिनात कॅमशाफ्टवर डीकॉम्प्रेशनची सोय असते, म्हणजे दोरी ओढताना, स्पीड कमी असताना, ती एक्झॉस्ट वाल्व थोडासा उचलून धरते आणि प्रेशर सोडून देते, म्हणून तर हाताने दोरी ओढली जाते, नाही तर मनगट धरावं लागलं असतं. अशा इंजिनाला गेज कमीच दाखवतो, तो त्याचा दोष नाही. शिवाय मोजताना थ्रॉटल (रेस) पूर्ण उघडा ठेवायचा, चोक काढायचा, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत ओढायचं, एक-दोनदा ओढून वाचायचं नाही. हे पण सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होते. आणि रीडिंग कमी आलं तरी डायरेक्ट हेड खोलत नाहीत भाऊ, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून परत बघतात, काटा चांगला वर गेला तर रिंगांवर संशय, नाही गेला तर वाल्व किंवा गॅस्केट. तुमच्या मिस्त्रीने हे केलं का ते तुम्हीच त्याला विचारा, मी कोणाच्या पोटावर पाय देत नाही.

आणि जे मनाला लागलं ते हे, परत करायचं. तुम्ही गेज आणला तेव्हा मी टोकाचा वॉल्व तुमच्यासमोर खोलला. आतली पिन (वॉल्व उघडझाप करणारी) आमची नव्हती, टायरच्या ट्यूबची साधी पिन होती. दिसायला सेम दिसते, पण नखाने दाबून बघा, कॉम्प्रेशन गेजच्या पिनेची स्प्रिंग नरम असते आणि टायरची कडक, ती कडक स्प्रिंग उघडायलाच प्रेशर खर्च होतं म्हणून काटा कमी दाखवतो. दुकानासमोर उभ्या असलेल्या माझ्या जुन्या बाईकला, इंजिन गरम असताना, 10 चा अडॅप्टर लावून तुम्हाला दाखवलं, तुमच्या पिनेवर काटा 100 च्या आसपास अडकला आणि आमची पिन टाकली तर 130 च्या पुढे गेला. तुम्ही म्हटले पिन हरवली होती, पंक्चरवाल्याकडून टाकून घेतली. ठीक आहे, हरवते, बारीक वस्तू आहे. मी नवीन पिन फुकट टाकून दिली. पण बदललेला माल पूर्ण पैशात परत कसा घेऊ, पुढे कंपनी माझ्याकडून घेत नाही. हे सगळं रिव्ह्यूत एका ओळीत तरी यायला पाहिजे होतं ना?

(तुमच्या रिव्ह्यूखाली एकाने विचारलंय की हाच गेज डिझेल पंपाला चालेल का, तर नाही, 300 पीएसआयचा गेज पेट्रोलसाठी आहे, डिझेलला लावला तर काटाच जाईल.)

दुकान वडिलांपासूनचं आहे, लुटारू कोणी म्हटलं नव्हतं. स्टार एकच ठेवा, तुमची मर्जी, तो शब्द तेवढा काढा. बाकी गेज घेणाऱ्याला कसं वापरायचं ते लिहून द्यायचं बघतो आहे, दुकानातही काही सुधारणा करतोच आहोत. वीडर घेऊन कधी चोपड्याला आले तर सकाळी या, दुपारी मी जेवायला घरी असतो.